सात लाख पिढ्यांची सोयरीक

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

घाटकोपर, ११ फेब्रुवारी १९७३

नलिनीबाई माहुलकर यांना गुणाजी परब याचा रामराम.

गेल्या रविवारी आपण अंधेरीहून आमच्या घरी येऊन गेलात, बरं वाटलं. आपली जया आम्हाला पसंत आहे. तसा आमच्या पसंतीचा प्रश्न उरलेलाच नव्हता. आरे कॉलनीच्या तपासणी खोलीत आमचा नंदकुमार आणि आपली भाची दोन वर्षं समोरासमोर बसून दुधातलं लोणी मोजतायत. आईबापाविना आपण आत्या असून पोरीला वाढवलंत, हे आमच्या मंडळींच्या फार मनाला भिडलं. आपण गेल्यावर दोनदा डोळे पुसले तिने.

आता कामाचं. आपण समोर होतात तेव्हा विचारायचं राहिलं. राहिलं तेही बरंच झालं. सोयरिकीचं बोलणं कागदावर असावं. तीस वर्षं गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होतो, तोंडी बोललेलं कोणी पाळलेलं मी पाहिलं नाही.

आपलं देवक काय? आमचं कळंब. आपल्याला ठाऊक असेलच, पण आपण इंग्रजी शाळेतल्या, म्हणून सांगतो. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची डहाळी मांडवात बसवतात. दोन घरांचं देवक एक निघालं तर मुलगा मुलगी भाऊबहीण झाली. मग सोयरीक होत नाही, मोडायची. आमच्यात यावर दुसरं मत नाही.

दुसरं, माहुलकर म्हणजे माहुलचे, ते तेलाचे कारखाने आहेत तिथले. पण त्याआधी मूळ गाव कुठलं?

वीस मेचा मुहूर्त चांगला आहे. मार्च संपायच्या आत हॉलवाल्याला सांगावं लागेल. उलट टपाली कळवा.

गुणाजी परब


अंधेरी, १७ फेब्रुवारी १९७३

प्रिय गुणाजीराव,

शेवंतीबाईंच्या हातचे घावने आणि त्यांचा लाघवी स्वभाव, दोन्हीची आठवण घेऊन मी घरी आले. जयाला तुमच्या घरात सुख लागेल, असं मला पायरी चढतानाच वाटलं होतं.

आपण मूळ विचारलंत. हा प्रश्न मला फार आवडतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि दर वर्षी मुलींना पहिल्याच तासाला हाच प्रश्न घालते, की तुझं मूळ कुठलं? कोणी सांगते मालवण, कोणी सांगते भडोच. मग मी म्हणते, त्याच्या आधी?

आपल्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या आहेत. तिथे चाळीस वर्षांपूर्वी एका जबड्याचा तुकडा सापडला. वरच्या जबड्याची उजवी बाजू आणि थोडे दात, एवढंच. त्याचं नाव ठेवलं रामापिथेकस, म्हणजे रामाचा वानर म्हणा. तो एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि माणसाच्या कुळातला सगळ्यांत जुना पूर्वज तोच, असं पुष्कळ विद्वान आज मानतात. दुसरे काही म्हणतात की नाही, आपलं मूळ आफ्रिकेत शोधा. गेल्याच वर्षी तिथे केनियात एक कवटी मिळाली. तिचे शेकडो तुकडे झालेले होते, ते एकेक जोडून उभी केली. वय पंचवीस लाखांच्या वर सांगतात. आता या दोन पक्षांचं चांगलंच जुंपलं आहे.

कोणाचंही खरं ठरो, एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे. तुम्ही, मी, माझ्या शाळेतल्या नन्स, तुमच्या चाळीतला भय्या, सगळे शेवटी एकाच पूर्वजाची लेकरं आहोत. मला हा विचार फार हळवा करतो. जया आणि नंदकुमार यांच्याकडे पाहताना तर जास्तच.

वीस मे उत्तम आहे.

आपली नम्र,
नलिनी माहुलकर


घाटकोपर, २० फेब्रुवारी १९७३

नलिनीबाईंस,

आपलं पत्र वाचून माझं जेवणावरून मन उडालं.

आपण लिहिता, सगळे एकाच पूर्वजाची लेकरं. हे आपल्याला कधी कळलं? पसंतीच्या आधी की नंतर? एक पूर्वज म्हणजे एक कुळ. एक कुळ म्हणजे एक देवक. एक देवक म्हणजे जया आणि नंदकुमार बहीणभाऊ. हे मी म्हणत नाही, आपल्या पत्रात आपल्या सहीनिशी लिहिलेलं आहे.

मी पत्र आमच्या कोकणवासी मंडळाच्या बैठकीत नेलं. नाव सांगितलं नाही, एका परिचिताकडे अडचण आली आहे एवढंच बोललो. अर्धा तास नुसत्या सुपाऱ्या कातरल्या गेल्या. मग चिटणीस म्हणाले की हे विद्वानांचं खरं असेल तर महाराष्ट्रात आजवर झालेलं एकही लग्न कायदेशीर नाही.

आणखी एक. रामाचं नाव जबड्याला कोणी दिलं? ज्याने दिलं त्याला विचारणारं कोणी नव्हतं का?

घरात हे अजून बोललो नाही. नंदकुमार सोमवारी नवी पँट शिवायला टाकून आला आहे. त्याच्याकडे बघवत नाही. काय तो खुलासा तातडीने करावा.

गुणाजी परब


अंधेरी, २३ फेब्रुवारी १९७३

प्रिय गुणाजीराव,

तुम्हाला इतका त्रास होईल असं मनातही नव्हतं. मास्तरकीची खोड वाईट. कोणी वेळ विचारली तर आम्ही घड्याळाचा इतिहास सांगतो.

पण तुमच्या तर्कात एक अडचण आहे. सगळ्यांचा पूर्वज एक म्हणून जया आणि नंदकुमार भावंडं ठरत असतील, तर तुम्ही आणि शेवंतीबाईही ठरता. हे मी अर्थात विज्ञानाच्या दृष्टीने म्हणते.

आणि विद्वानांवर इतकाही भरवसा ठेवू नका. इंग्लंडात १९१२ साली एक कवटी सापडली होती. माणसासारखं कपाळ आणि वानरासारखा जबडा. मोठमोठे प्राध्यापक तिच्यापुढे माना लववायचे. चाळीस वर्षांनी नीट तपासली तेव्हा कळलं की कवटी माणसाची होती, जबडा ओरांगउटान नावाच्या वानराचा होता आणि दात कोणीतरी कानस घेऊन घासले होते. रंगही लावला होता. मी शाळेत शिकत होते तेव्हा आमच्या पुस्तकात तिचं चित्र होतं. आम्ही परीक्षेत तिच्यावर टीप लिहिली आहे.

तेव्हा कृपा करून पुरावा पुरता हाती येईपर्यंत लग्न मोडू नये.

आपली,
नलिनी


घाटकोपर, १ मार्च १९७३

नलिनीबाईंस,

आपलं २३ तारखेचं पत्र दुर्दैवाने आधी आमच्या मंडळींच्या हाती पडलं. तिने ते उभ्याने वाचलं आणि विचारलं की तेहतीस वर्षांत आपण बहीणभाऊ असल्याचं मला आज कळतंय का. त्यानंतर दोन दिवस ती मला हाक मारायची झाली तर दादा म्हणते आहे. शेजारीपाजारी ऐकतात.

इंग्रज साहेब चाळीस वर्षं फसला, हे वाचून मात्र फार समाधान वाटलं. समोर ठेवलेली वस्तू खरी की खोटी हे ज्याला कळत नाही त्याने दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं. आमच्या गावी असं होणं शक्य नाही. आमच्याकडे धाकूआजा आहेत, माझ्या बापाचे चुलतभाऊ. वय पंच्याऐंशी. साठ वर्षं वाडीतल्या प्रत्येक लग्नाचं देवक तेच आणतात. पान बघून झाड सांगतात, झाड बघून कोणी लावलं ते सांगतात.

मी रात्रंदिवस विचार करून एक वाट काढली आहे. शास्त्र असं की बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्या गेल्या की नातं संपतं, सोयरीक चालते. देवकाची गोष्ट वेगळी, पण निदान रक्ताचं तरी मिटेल. आपण गणिताच्याही बाई असाल. तो शिवालिकचा जबडा आमच्यापासून नेमका किती पिढ्या मागे आहे ते काढून द्या. सातच्या वर भरल्या पाहिजेत.

गुणाजी परब


अंधेरी, ५ मार्च १९७३

प्रिय गुणाजीराव,

परवा दहावीच्या वर्गाला हेच उदाहरण घातलं. पिढी वीस वर्षांची धरली. एक कोटी चाळीस लाखांना विसाने भागलं. उत्तर सात लाख येतं.

एका मुलीचं उत्तर सत्तर आलं. तिचं लग्न जमताना काळजी घ्यावी लागेल.

आपली,
नलिनी

ता. क. शेवंतीबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी आता नेहमीची हाक सुरू केली असेल अशी आशा करते.


घाटकोपर, ८ मार्च १९७३

नलिनीबाईंस सप्रेम नमस्कार.

सातच्या जागी सात लाख! बाई, आपण शंका ठेवली नाहीत.

हिशेब मंडळात वाचून दाखवला. चिटणीसांनी स्वतः कागदावर भागाकार करून बघितला. मग आफ्रिका की शिवालिक यावर मतं मांडली गेली. आफ्रिकेची बाजू आमच्यातल्या एकाने घेतली, तो बोटीवर होता आणि मोंबासा बघून आला आहे. शेवटी शिवालिक बहुमताने मंजूर झालं. रामाच्या नावाबद्दलची माझी हरकत मी मागे घेतली. सात लाख पिढ्या टिकलेला माणूस आहे, त्याला कोणाचं तरी चांगलं नाव हवंच.

आमची मंडळी आता मला नेहमीसारखी हाक मारते. म्हणजे मारत नाही, नुसतं भांडं आपटते. सगळं पूर्ववत आहे.

आता एकच राहिलं. बाई, मी आपली सगळी पत्रं काल पुन्हा काढून वाचली. आपण मला शिवालिक सांगितलंत, केनिया सांगितलंत, लंडनच्या साहेबाची फजिती सांगितलीत. मी विचारलेलं देवक मात्र एकाही पत्रात नाही. मूळ गावही नाही. तीन पत्रं झाली. गिरणीत आमच्या खात्यात कोणी इतकं बोलून कामाचं सांगितलं नाही की आम्ही समजायचो, साच्यात, म्हणजे मागात, काहीतरी अडकलं आहे.

मी शिमग्याला गावी जातो आहे. धाकूआजा पहिलं हेच विचारणार आणि त्यांना मी जबडा सांगू शकत नाही. आपण खरं ते लिहा. पंधरा तारखेच्या आत मिळेल असं टाका.

गुणाजी परब


अंधेरी, १३ मार्च १९७३

गुणाजीराव,

साच्यात अडकलं होतं, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. रविवारी मी माहुलला गेले होते. तिथून आल्यावर हे लिहिते आहे. जयाला दाखवलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत पोलक्याला बटणं लावते आहे आणि गुणगुणते आहे.

आमचं देवक मला ठाऊक नाही. मूळ गावही नाही. माझ्या आजोबांच्या मागे आम्हाला काहीच ठाऊक नाही.

सत्याहत्तरच्या दुष्काळात, म्हणजे अठराशे सत्याहत्तर, घाटावरून माणसं चालत मुंबईच्या बाजूला आली. त्यात पाचएक वर्षांचा एक मुलगा माहुलच्या खाडीकाठी एकटाच बसलेला सापडला. एका कोळ्याने त्याला उचलून घरी नेलं आणि पेज पाजली. बापाचं नाव विचारलं तर तो म्हणाला, बाबा. आईचं विचारलं तर म्हणाला, आई. गाव विचारलं तर ज्या दिशेने चालत आला होता तिकडे हात केला. त्याचं नाव चंदू ठेवलं. पुढे मिठागरावर कामाला लागला तेव्हा साहेबाने आडनाव विचारलं, तर माहुलकर लिहिलं गेलं. माझे वडील मीठ खात्यात कारकून झाले आणि मला त्यांनी नन्सच्या शाळेत घातलं. एवढाच आमचा वंशवृक्ष. झाड म्हणावं असंही नाही, रोप आहे. आजोबांची जात काय होती, हेही मी सांगू शकत नाही. तुमच्या मनात तो प्रश्न आला असेल, म्हणून आधीच लिहिते.

लहानपणी मला वाटायचं की हे कुठेतरी लिहिलेलं असणार. आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात माणसाच्या उत्पत्तीची आठ पानं होती. मदर आग्नेसनी ती टाचण्या लावून बंद केली होती. वर्गात बाकी कोणी ते पुस्तक कधी उघडलं नाही, पण ती आठ पानं सगळ्यांनी वाचली. मी सापडले. मदरनी विचारलं, काय शोधत होतीस? मी खरं तेच सांगितलं, की आजोबांना. मग त्यांनी एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या, आपल्या बाहीला लावल्या आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. ते मूळ शोधायचं वेड तेव्हापासूनचं. तुम्ही एक साधा प्रश्न विचारलात आणि मी एक कोटी वर्षं मागे पळाले, त्याचं कारण हे. जवळचं विचारलं की मला भीती वाटते.

माहुलला अजून पुतळाबाई आहेत. ज्यांनी आजोबांना उचललं त्यांची ही सर्वांत धाकटी मुलगी. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. आता ऐकू कमी येतं आणि त्यामुळे त्या सगळ्यांशीच ओरडून बोलतात. आजोबांच्या लग्नात त्या सात वर्षांच्या होत्या. मी विचारलं, तेव्हा देवक बसवलं होतं का? त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या की आमच्या घरचं लग्न, देवक का नाही बसवणार? आमच्या घराचं देवक वल्हं. तेच दादूसच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, लग्नात बसवलं. वल्हं मीच धरून उभी होते, बोटाला कुसळ गेलं म्हणून रडले आणि पहिला लाडू मलाच मिळाला.

तेव्हा, देवक आहे असं म्हणायचं तर वल्हं. पण ते आम्हाला दिलेलं आहे, आमच्याबरोबर आलेलं नाही. तुमच्या नियमात ते बसतं की नाही मला माहीत नाही. बसत नसेल तर मला लिहा, जयाला मी सांगेन. नंदकुमारला तिच्याकडून कळू द्या, तेवढं करा.

नलिनी माहुलकर


घाटकोपर, २ एप्रिल १९७३

विहीणबाई,

मी शेवंती. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण वाचा. हे पत्र ह्यांना ठाऊक नाही. हे खाली नळावर भांडायला गेले आहेत, यायला वेळ लागेल.

तीन आठवडे आमच्याकडून उत्तर नाही म्हणून तुम्ही पोरीला काही सांगितलं नसेल अशी देवाकडे प्रार्थना करते. सांगितलं असेल तर परत घ्या. ह्यांचं मौन तुमच्या पत्रामुळे नाही. ऐका काय झालं.

शिमग्याला गावी गेलो. ह्यांनी तुमचं पत्र धाकूआजांना सगळं वाचून दाखवलं. आजा डोळे मिटून ऐकत होते, आम्हाला वाटलं झोपले. ह्यांनी विचारलं, की आता आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कळंब आणि त्यांचं हे मागून आणलेलं वल्हं, जुळवायचं कसं? तेव्हा आजा हसायला लागले. इतके हसले की पाणी द्यावं लागलं. म्हणाले, ‘गुणग्या, तुझ्या लग्नाक कळंब खय होतो?’

सन चाळीसची गोष्ट. नदीवरचा एकुलता एक कळंब आदल्या पावसात वादळाने पडला होता. आजा रानभर फिरले, मिळाला नाही. दारात वाजंत्री येऊन थांबलेली. मग त्यांनी मागच्या परड्यातल्या फणसाची डहाळी मोडली, फडक्यात गुंडाळली आणि आणून बसवली. देवक फडक्यातच असतं, कोण उघडून बघतो? कोणी बघितलं नाही म्हणून पुढच्या लग्नालाही फणसच. तेहतीस वर्षांत वाडीतलं एकूण एक लग्न फणसावर लागलेलं आहे.

आणि विहीणबाई, आपलं देवक कोणी खात नाही, त्याला सुरी लावत नाही. आम्ही दर मे महिन्यात गावी जाऊन आमच्या देवकाचे गरे खातो. आठळ्या भाजतो. हे तर हातापायाला तेल लावून स्वतः फोडायला बसतात.

परत येताना वाटेत मी एकदाच हसले, तर हे खिडकीकडे तोंड करून बसले. आता रोज सकाळी तुम्हाला पत्र लिहायला घेतात आणि फाडतात. चार दिवसांपूर्वी मी सरळ म्हटलं, ‘मी फणसाची सून म्हणून तेहतीस वर्षं नांदले, काय बिघडलं? त्या पोराला कोणीतरी उचललं नसतं तर आज जया कुठून आली असती?’ दुसऱ्या दिवशी हे हॉलवाल्याकडे जाऊन वीस मे सांगून आले.

लिहितील आता. फणसाचं तुम्हाला ठाऊक आहे असं दाखवू नका. माणूस मनाने चांगला आहे.

तुमची,
शेवंती


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

घाटकोपर, ६ एप्रिल १९७३

नलिनीबाईंना गुणाजीचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. गावी शिमग्याची गडबड होती. शिवाय आमच्या स्वतःच्या देवकाबद्दल गावात थोडा शास्त्रीय मतभेद निघाला आहे. विद्वानांत असं होतंच, ते आपणच लिहिलं होतं. तपशिलात जायची गरज नाही.

आपलं देवक वल्हं. मी ते मान्य केलं आहे. वल्हं आणि झाड एक नाही, म्हणजे सोयरीक चालते. धाकूआजांचं म्हणणं असं की ज्याने बुडत्याला वर घेतलं, त्याचं देवक ते त्या पोराचं देवक. साठ वर्षं हे काम केलेला माणूस आहे, त्याच्यावर बोलणारा मी कोण.

मंडळात विषय निघाला. एकाने विचारलंच, की कुळ माहीत नाही, जात माहीत नाही, कसं करता? मी म्हटलं की ज्याला हे खटकतं त्याने आपल्या लग्नातलं देवक आणावं आणि फडकं सोडून सगळ्यांसमोर दाखवावं. मग पुढचं बोलू. चिटणीसांनी लगेच चहा मागवला. बाई, तुम्हाला सांगतो, त्या चहाच्या वेळी सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

वल्ह्याची लांबी कळवा. नंदकुमार जयाबरोबर माहुलला जाऊन पुतळाबाईंच्या पाया पडून आला, तो अकरा फूट म्हणतो. आमचा मांडव नऊ फुटी आहे. देवक कापता येत नाही. दारातच तिरकं बांधू, येणारा जाणारा वाकून आत येईल. काहीजणांना वाकायची सवय व्हायला हवीच आहे.

आता शेवटचं. आमच्याकडे लग्नाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. दोन्ही घरांच्या मूळपुरुषाचं नाव घ्यावं लागतं. आमच्या बाजूचं मला पाठ आहे. आपल्या बाजूला काय म्हणावं, यासाठी चार दिवस बसलो. जबड्याचं नाव घेऊन बघितलं, जिभेला चढत नाही आणि ते फार लांबचे पडतात. हे लिहिलं आहे, बरोबर वाटतं का बघा:

‘बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे दोन घरां एक होतहत. एका घराचो मूळपुरुस आमका ठावक आसा. दुसऱ्या घराचो मूळपुरुस कोण, खयच्या गावचो, कोणाच्या पोटचो, तां आमका ठावक नाय, तुका ठावक आसा. ज्या आवशीन तेका जल्म दिल्यान, तिचा नाव आमका म्हायत नाय, पण तिच्या नावान आज पान मांडलेला आसा. जेणी तेका उचलून घरात घेतल्यानी, तेंका मान दिलेलो आसा. काय चुकला माकला असात तर पदरात घे, आणि ह्या पोरांचा बरा कर रे म्हाराजा.’

हे झालं की सगळ्यांनी मिळून ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. देवाला ऐकू जाईल असं. आमच्याकडून शंभर माणसं म्हणणार. आपल्या बाजूला आपण आणि जया, दोघीच. आपला आवाज मी ऐकला आहे, तो वर्गापुरता आहे. त्या बाजूने नुसती कुजबूज आली तर बरं दिसणार नाही. थोडी आवाजाची माणसं जमवता आली तर बघा.

आपला व्याही म्हणावं की काय ते ठरवून कळवा,
गुणाजी परब


अंधेरी, १० एप्रिल १९७३

व्याहीबुवा,

गाऱ्हाण्यातला एकही शब्द बदलू नका. जया वाचत होती आणि मी ऐकत होते. पान मांडलंय तिथे आलो तेव्हा तिने कागद माझ्याकडे दिला आणि मी तो परत तिच्याकडे.

माणसांचं जमलं आहे. माहुलहून पुतळाबाई आणि बावीस बायका येणार आहेत. त्यांचा जन्म बाजारात मासळी विकण्यात गेला आहे, तेव्हा आवाजाची चिंता नसावी. हॉलवाल्याला मात्र आधी सांगून ठेवा.

काल पुतळाबाईंच्या अंगणात मी त्यांचा सराव घेतला. पहिल्याच खेपेला शेजारच्या घरांतून माणसं काय झालं म्हणून धावत आली. मी म्हटलं की आता माझ्या आवाजाची गरजच नाही, मी नुसती उभी राहीन. पुतळाबाईंनी ते कसं कोण जाणे ऐकलं. मला हाताला धरून सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, ‘दादूसची नात तू. पयलं तू बोल. आमी मागून.’

आपली विहीण,
नलिनी